पी-ई-आर, पी-आर-ई, पी-आर-ओ : सारख्या तोंडाचे इंग्रजी शब्द कसे वेगळे ठेवायचे?

जुईली_नाशिकरोड

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीची तयारी करणाऱ्यांसाठी धागा काढते आहे. शब्दसंग्रहाच्या बहुतेक पुस्तकांत शब्द आद्याक्षरानुसार लावलेले असतात. 'पी' आलं की पर्स्पेक्टिव्ह-प्रॉस्पेक्टिव्ह, पर्सिक्यूट-प्रॉसिक्यूट, प्रिस्क्राइब-प्रोस्क्राइब, प्रिसीड-प्रोसीड असे जुळे शब्द ओळीने येतात. एकेकाचा अर्थ पाठ होतो, पण प्रश्नपत्रिकेत दोन्ही पर्याय शेजारी आले की गल्लत होते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असे शब्द गटाने एकत्र शिकावेत की मुद्दाम दूर ठेवावेत? आणि सुरुवातीची तीन अक्षरं अर्थ खरोखर सांगतात का, त्यांच्यावर विसंबायचं तर किती? कृपया ह्या तीन तोंडांपुरतंच लिहा, उदाहरणं आणि कारणांसकट. 'कॉन' आणि 'डिस' साठी वेगळा धागा काढू.

शब्दपारखी

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

तिन्ही तोंडं लॅटिनमधून आली. पी-आर-ई म्हणजे 'आधी'. पी-आर-ओ म्हणजे 'पुढे, समोर, उघड्यावर', कधी 'च्या बाजूने'. पी-ई-आर म्हणजे 'आरपार, शेवटपर्यंत, पुरतं'. एवढ्यावर थांबलात तर फायदा थोडाच, कारण खरं काम पोटातला धातू करतो. तोंड आणि पोट दोन्ही बघायचं.

प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब घ्या. दोन्हींच्या पोटात 'स्क्राइब', म्हणजे लिहिणं. प्रिस्क्राइब म्हणजे आधी लिहून ठेवणं : औषध, नियम, अभ्यासक्रम. प्रोस्क्राइब म्हणजे लिहून चव्हाट्यावर लावणं. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्ला ह्या रोमन सेनापतीने रोममध्ये आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या. यादीत नाव आलं की तो माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर, त्याला मारणाऱ्याला बक्षीस आणि मालमत्ता जप्त. तिथून प्रोस्क्राइबला 'बंदी घालणे, निषिद्ध ठरवणे' हा अर्थ आला. एक स्वर बदलला की 'करा' चं 'करू नका' होतं.

तसंच पर्स्पेक्टिव्ह आणि प्रॉस्पेक्टिव्ह. पोटात 'बघणं'. आरपार बघणं म्हणजे दृष्टिकोन, चित्रकलेत यथार्थदर्शन. पुढे बघणं म्हणजे भावी, संभाव्य. प्रॉस्पेक्टिव्ह ब्राइड म्हणजे नियोजित वधू. कॉलेजचं प्रॉस्पेक्टस त्याच घरातलं.

कायदेकानू

@शब्दपारखी, उत्तम. प्रिस्क्राइबला एक शासकीय पुस्ती जोडतो. अर्जावर 'विहित नमुन्यात', 'विहित मुदतीत' असतं ना, तो 'विहित' म्हणजे प्रिस्क्राइब्ड. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा हा अर्थ परीक्षेत जास्त विचारला जातो.

पर्सिक्यूट-प्रॉसिक्यूट ह्यांच्या पोटात 'मागे लागणं' आहे. हात धुऊन मागे लागणं, म्हणजे छळ करणं, ते पर्सिक्यूट. ते धर्म, वंश किंवा मतावरून होतं. प्रकरण पुढे नेणं, म्हणजे खटला भरून चालवणं, ते प्रॉसिक्यूट. पब्लिक प्रॉसिक्यूटर म्हणजे सरकारी वकील. नामं पर्सिक्यूशन आणि प्रॉसिक्यूशन.

राज्यघटनेत तर ह्या तोंडांची रांगच आहे, आणि राज्यशास्त्रासोबतच ती पाठ होते. प्रिअँबल : पोटात 'चालणं', सगळ्यांच्या आधी चालणारी ती उद्देशिका. प्रोमल्गेट : अध्यादेश प्रख्यापित करणं. राष्ट्रपती अनुच्छेद १२३ खाली करतात, राज्यपाल २१३ खाली. प्रोक्लमेशन : उद्घोषणा, अनुच्छेद ३५२ आणि ३५६. प्रोहिबिशन : प्रतिषेधाचा आदेश, अनुच्छेद ३२ मधल्या पाच आदेशांपैकी एक. प्रोरोग : सत्रसमाप्ती, संसदेसाठी अनुच्छेद ८५, विधिमंडळासाठी १७४. प्रोरोग इथे हमखास चुकतं. ॲडजर्न म्हणजे बैठक तहकूब. प्रोरोग म्हणजे सत्र संपलं, पण सभागृह जिवंत. डिझॉल्व्ह म्हणजे सभागृहच विसर्जित. ह्या तिघांची साखळी पाठ असली तर दोन विषयांतले प्रश्न सुटतात.

पंचवटीचा_पक्या

प्रिरॉगटिव्ह राहिलं. अर्ध्या लोकांच्या तोंडी 'पेरोगेटिव्ह' असतं आणि मग लिहितानाही पी-ई-आर पडतं. त्याचं काय करायचं?

कायदेकानू

त्याच्या आणि प्रोरोगच्या पोटात एकच धातू आहे : 'विचारणं'. इंटरॉगेट मध्येही तोच. रोमच्या सभेत ज्या गटाचं मत सर्वांत आधी विचारलं जाई, तो गट प्रिरॉगटिव्ह. 'आधी विचारण्याचा मान' म्हणजे विशेषाधिकार. 'आधी' हा अर्थ एकदा कळला की पी-आर-ई सोडून दुसरं काही लिहिलं जाणार नाही.

मराठी_माध्यम

आपल्या लिपीचा इथे चांगला उपयोग होतो, तो कुणी सांगितला नाही. शब्द देवनागरीत लिहून बघा. पर्सिक्यूट मध्ये रफार आहे, र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. प्रॉसिक्यूट मध्ये र प च्या पायाशी आहे. रफार डोक्यावर असेल तर स्वर प आणि र च्या मध्ये, म्हणून पी-ई-आर. र पायाशी असेल तर पी ला आर चिकटलेला, म्हणून पी-आर. पर्स्पेक्टिव्ह, पर्पेच्युअल, पर्निशस, पर्मनंट सगळे रफारवाले. प्रिल्यूड, प्रिक्लूड, प्रोफ्यूज, प्रोपेन्सिटी सगळे पायाशी. रोमन लिपीत ही अक्षरं नुसती जागा बदलतात, डोळा फसतो. देवनागरीत आकृतीच बदलते.

फक्त 'परमिशन', 'परफेक्ट' असं सुटं लिहू नका. पर्मिशन, पर्फेक्ट असंच लिहा, नाहीतर खूण दिसत नाही.

शब्दपारखी

@मराठी_माध्यम, ही युक्ती मुलांना पहिल्या दिवशी द्यावी अशी आहे. एकच कुंपण घालतो. पर्पज, पर्स्यू, पर्व्ह्यू, पर्पोर्ट, पर्चेस ह्यांतही रफार आहे, पण स्पेलिंग पी-यू-आर. हे शब्द फ्रेंचच्या वाटेने आले आणि लॅटिन पी-आर-ओ चं तिथे पी-यू-आर झालं. म्हणजे पर्स्यू हा प्रॉसिक्यूटचाच भाऊ : 'पुढे मागे लागणं'. पर्व्हे, म्हणजे पुरवठा करणं, आणि प्रोव्हाइड हे दोघे एकाच लॅटिन क्रियापदाचे. रोजच्या वापरातले असे शब्द मोजकेच आहेत, ते वेगळे पाठ करा. बाकी रफाराला पी-ई-आर.

मिसळ_विथ_पाव

म्हणजे रफार डोक्यावर बसला की डोकं शांत. धागा वाचतेय, चालू ठेवा.

सातपूरकर

टंकलेखनात पर्फॉर्मचं प्रीफॉर्म होतं आणि संगणक लाल रेघ मारत नाही, कारण प्रीफॉर्म हाही खरा शब्द आहे. प्लॅस्टिकची बाटली फुगवण्याआधी परीक्षानळीसारखा जाड तुकडा करतात, ज्याच्या तोंडाला झाकणाचे आटे आधीच असतात, तो प्रीफॉर्म. तो तापवून साच्यात हवेने फुगवला की बाटली. आधी आकार दिलेला, म्हणून पी-आर-ई. पर्फॉर्म म्हणजे पार पाडणं. प्रिसीडचं प्रोसीड झालं तरी यंत्र गप्पच राहतं. तपासणीची भिस्त यंत्रावर ठेवू नका.

जुईली_नाशिकरोड

प्रिसीड-प्रोसीडच्या शेवटच्या स्पेलिंगचा घोळही कुणी सोडवा ना. एकाला एक ई मागे, एकाला दोन ई मध्ये.

व्याकरणताई

जुईली, नियम छोटा आहे. शेवटी सी, दोन ई आणि मग डी असे इंग्रजीत फक्त तीन शब्द : एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. एस-ई-डी-ई ने संपणारा एकच : सुपरसीड. बाकी प्रिसीड, रिसीड, कन्सीड, सिसीड, इंटरसीड सगळे सी-ई-डी-ई. प्रोसीडचं नाम प्रोसीजर झालं की एक ई गळतो, तिथे हमखास चूक होते.

वापरातही फरक आहे आणि तो अर्थापेक्षा लवकर उत्तर देतो. प्रिसीड सकर्मक : अमुक गोष्ट तमुकच्या आधी येते, कर्म थेट लागतं. प्रोसीडला थेट कर्म चालत नाही, 'टू' किंवा 'विथ' लागतं. रिकाम्या जागेनंतर लगेच नाम असेल तर प्रिसीड, 'टू' असेल तर प्रोसीड.

शब्दयोगी अव्ययं अशीच जोडीने पाठ करावीत. प्रिव्हेंट, प्रोहिबिट, प्रिक्लूड ह्यांना 'फ्रॉम'. प्रिफरला 'टू', 'दॅन' नाही. प्रेडिलेक्शनला 'फॉर'. पर्टिनंटला 'टू'. प्रिरेक्विझिटला 'फॉर'.

निफाडची_वेल

द्राक्षपट्ट्यातल्या पोरांना ह्यातले कितीतरी शब्द आधीच येतात, फक्त ते 'व्होकॅब्युलरी' आहेत हे माहीत नसतं.

डाऊनी ह्या द्राक्षावरच्या रोगासाठी मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य बुरशीनाशकाची फवारणी रोग दिसण्याआधी करतात, ती प्रिव्हेंटिव्ह. पोटात 'येणं', म्हणजे रोगाच्या आधी येऊन उभं राहणं. पुस्तकात ह्यालाच प्रोफिलॅक्टिक म्हणतात, समोर उभा राहून राखण करणारा. रोग शिरल्यावरची फवारणी क्युरेटिव्ह. काढणीनंतर माल शीतगृहात ठेवण्याआधी त्यातली शेतातली उष्णता काढून टाकतात, ते प्री-कूलिंग. द्राक्षवेल पेरेनियल : पोटात 'वर्ष', वर्षांच्या आरपार जाणारी. टोमॅटो आपल्याकडे वर्षाआतच काढून टाकतात, म्हणून तो हंगामी. गाव-नदीच्या संदर्भात पेरेनियल म्हणजे बारमाही.

आणि प्रोपगेट. डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन ह्या द्राक्षजातीचं कलम करतात ते प्रोपगेशन. लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा मूळ अर्थच दाब कलम किंवा फाटा लावून झाड वाढवणं असा होता. विचारांची अशी लागवड म्हणजे प्रोपगँडा. तो शब्द १६२२ मध्ये रोमला धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून आला.

पंचवटीचा_पक्या

वेलताई, प्रोपगँडा आणि कलम एकाच घरातले हे आवडलं.

गोदाकाठ

इथवर सगळं 'तोंड अर्थ सांगतं' असं चाललंय. माझं मत थोडं वेगळं आहे. तोंड फसवतं, आणि फसवणारेच शब्द परीक्षेत येतात.

प्रिकेरिअस म्हणजे डळमळीत, बेभरवशाचं. त्यात 'आधी' शोधलंत तर काही सापडणार नाही. त्याचं मूळ 'विनवणी' आहे : दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेलं, म्हणून कधीही जाऊ शकणारं. प्रेशस 'किंमत' मधून आलं. पेरिल म्हणजे संकट, त्यातही 'आरपार' नाही. प्रोबिटी, म्हणजे सचोटी, हिच्या अर्थात पुढे-मागे काही दिसत नाही. ती प्रोब, प्रूव्ह, अप्रूव्ह आणि प्रोबेशन ह्या पारखण्याच्या घरातली. परिवीक्षाधीन अधिकारी म्हणजे पारखला जात असलेला.

दुसरी फसगत : तोंड खरं, पण अर्थ वाकडा गेलेला. पी-ई-आर कधी 'पुरतं' वरून 'पुरता नाश' कडे जातं. पर्फिडी म्हणजे विश्वासघात, पर्जरी म्हणजे शपथेवर खोटी साक्ष, पेरिश म्हणजे नष्ट होणं, पर्निशस म्हणजे घातक. ह्यांच्या पोटात अनुक्रमे विश्वास, शपथ, जाणं, मृत्यू. पर्फंक्टरी तर उलटंच. पोटात 'काम पार पाडणं' आहे, पण अर्थ 'उरकून टाकलेलं, वरवरचं'. नुसत्या तोंडावरून ह्याचं उत्तर 'परिपूर्ण' असं लिहिलं जातं.

म्हणून तोंड ही खूण म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

शब्दपारखी

@गोदाकाठ, खुणेपुरतंच वापरावं हे मान्य. पण पोट धरलं तर फसगत खूप कमी होते. प्रिपोस्टरस बघा : पोटात 'नंतर', तोंडाला 'आधी'. आधीचं मागे आणि मागचं पुढे, म्हणजे उफराटं, हास्यास्पद. प्रिकोशस : पोटात 'शिजणं', वेळेआधी पिकलेलं, वयाच्या मानाने पुढे गेलेलं मूल. प्रिसिपिटेट : पोटात 'डोकं', डोक्यावर आपटणं. त्यातून कड्यासाठी प्रिसिपिस, घाईघाईने घडवून आणणं, रसायनशास्त्रातला तळाशी बसणारा अवक्षेप आणि हवामानातली वृष्टी. इगतपुरी-त्र्यंबकला जे धो धो कोसळतं ते प्रिसिपिटेशन. चार वेगळे अर्थ पाठ करायची गरज नाही, 'खाली पडणं' एकच.

परिमिती

भाषाशास्त्राच्या अंगाने थोडं. पी-आर-ओ तोंडाचे काही शब्द ग्रीकमधून आले आहेत : प्रोलॉग, प्रोग्नोसिस, प्रोग्रॅम. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'पुढे' बरोबरच 'आधी' असाही होतो, म्हणून प्रोलॉग म्हणजे आधीचं बोलणं. 'प्रो म्हणजे पुढे' एवढंच धरलं तर इथे घोटाळा.

हे पी-आर-ओ आणि संस्कृत 'प्र' एकाच मूळचे. प्रोग्नोसिस आणि 'प्रज्ञा' ह्यांत तोंडही एक आणि धातूही एक, जाणणं. वैद्यकात प्रोग्नोसिस म्हणजे रोग पुढे कसा जाईल ह्याचा अंदाज, डायग्नोसिस म्हणजे निदान. ग्रीक 'पेरि' म्हणजे भोवती, तो आपला 'परि'. पेरिमीटर आणि परिमिती हे तोंडापासून धातूपर्यंत सख्खे. पेरिस्कोप, पेरिफेरी त्यातलेच. म्हणून पी-ई-आर नंतर आय दिसला तर एकदा थांबायचं, ते 'आरपार' नसून 'भोवती' असू शकतं. पेरिश आणि पेरिल अर्थात ह्या घरातले नाहीत.

पण प्रत्येक इंग्रजी 'प्रो' ला मराठी 'प्र' चिकटवू नये. प्रोक्रास्टिनेट म्हणजे चालढकल. पोटात 'उद्या', उद्यावर ढकलणं. तिथे 'प्र' लावून काही हाती लागत नाही.

मिसळ_विथ_पाव

प्रोक्रास्टिनेट उद्या पाठ करते.

व्याकरणताई

एक गट सगळ्यांना नडतो, तो नोंदवून ठेवा. प्रॉडिगल म्हणजे उधळ्या. प्रॉडिजी म्हणजे असामान्य बुद्धीचं मूल. प्रोडिजस म्हणजे प्रचंड. प्रॉडिगल 'पुढे हाकलणं' मधून आलं, पैसा हाकलून देणारा. बाकी दोन 'अद्भुत शकुन' मधून. प्रॉफ्लिगेट म्हणजे उधळ्या आणि शिवाय दुराचारी. प्रोलिफिक म्हणजे भरपूर निर्मिती करणारा, ह्यात निंदा नाही.

तसंच पर्स्पिकेशस माणसाला लागतं, मर्मग्राही. पर्स्पिक्युअस लिखाणाला लागतं, सुबोध. पर्पिट्रेट म्हणजे गुन्हा करणं, पर्पेच्युएट म्हणजे चालू ठेवणं. पर्क्विझिट म्हणजे पगारावरचा लाभ, १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १७(२) मध्ये त्याची व्याख्या होती. प्रिरेक्विझिट म्हणजे पूर्वअट. पेरेम्प्टरी म्हणजे हुकमी, उलट बोलायला जागा न ठेवणारं. प्रिएम्प्टिव्ह म्हणजे दुसऱ्याने करण्याआधी केलेलं.

जुईली_नाशिकरोड

अमूल्य माहिती जमली. पण माझा पहिला प्रश्न राहिलाच. एकत्र शिकायचे की दूर ठेवायचे?

अभ्यासिका_कॅनडाकॉर्नर

शिकताना दूर, उजळणीला एकत्र. दोन सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी नव्याने घेतले तर दोन्ही कच्चे राहतात आणि अर्थांची अदलाबदल होते. प्रिस्क्राइब आज घ्या, चार-पाच वाक्यांत वापरा. तो न अडखळता येऊ लागला की आठवड्याने प्रोस्क्राइब घ्या. मग दोघांना समोरासमोर बसवा. पुस्तक आद्याक्षराने लावलेलं असेल तर सलग पान पाठ करू नका, रोज वेगवेगळ्या अक्षरांतून मिळून दहा शब्द उचला. पी-आर चे त्यात दोनच.

कार्डांची पद्धत अशी. पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका, रिकामी जागा असलेलं वाक्य लिहा. मागे शब्द, तोंड, पोट, अर्थ, लागणारं अव्यय आणि कोपऱ्यात जुळ्याचं नाव. पाच खोकी करा. पहिलं रोज, दुसरं दर २ दिवसांनी, तिसरं ४, चौथं ८, पाचवं १६. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. जुळ्यांसाठी जास्तीचा नियम : एक चुकला तर दोघांनाही पहिल्या खोक्यात आणायचं. कारण चूक एकाची नसते, त्या दोघांमधली सीमारेषा पुसट झालेली असते.

गोदाकाठ

मग सीमारेषेचा एक संच देतो, पर्याय न देता. वाक्यं मराठीत आहेत, जागी इंग्रजी शब्द घाला.
शासनाने अर्ज ... नमुन्यात मागवले.
त्या संघटनेला ... ठरवण्यात आलं.
अल्पसंख्याकांचा पिढ्यान्‌पिढ्या ... झाला.
ती गैरसमजूत पाठ्यपुस्तकांनी ... केली.
राज्यपालांनी अधिवेशन ... केलं.
त्याने कागदपत्रं ... केली, प्रत्येक ओळ तपासून.

पंचवटीचा_पक्या

प्रिस्क्राइब्ड, प्रोस्क्राइब्ड, पर्सिक्यूशन, पर्पेच्युएट, प्रोरोग. शेवटचं पेरूज. पण पेरूज म्हणजे वरवर चाळणं ना? बरेच जण तसंच वापरतात.

व्याकरणताई

सहाही बरोबर. पेरूजचा रूढ अर्थ बारकाईने, शेवटपर्यंत वाचणं. 'चाळणं' हा सैल वापर आता शब्दकोशांतही नोंदलेला दिसतो, म्हणून वाक्याकडे बघूनच ठरवायचं. 'प्रत्येक ओळ', 'काळजीपूर्वक' असं काही असेल तर शंका नको. नुसता समानार्थी विचारला असेल आणि पर्यायांत 'स्टडी' व 'स्किम' दोन्ही असतील तर 'स्टडी' वर खूण करा. विरुद्धार्थी विचारला तर 'स्किम'.